बाबा बरे होताहेत. आता आभार कुणाकुणाचे आणि कसे मानायचे?

शेवंती

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, लिहिणे होत नव्हते. कारण सांगते.

सात महिन्यांपूर्वी पहाटे बाबा बाथरूममधून बाहेर आले आणि दारातच बसले, ते उठेचनात. उजवा हात लोळागोळा, तोंड एका बाजूला ओढलेले, बोलायला गेले तर नुसती घरघर. मी घाबरून पाणी पाजायला निघाले होते. शेजारच्या काकांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला, "आत्ता तोंडात काही घालायचं नाही" म्हणाले आणि गाडी काढली. पायात चपलासुद्धा घातल्या नव्हत्या त्यांनी. पक्षाघात होता. वेळेत पोचलो म्हणून मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन देता आले. त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत ते द्यावे लागते, हे मला त्या दिवशी कळले. काकांना आधीच माहीत होते, कारण त्यांच्या सख्ख्या भावाच्या वेळी उशीर झाला होता.

सहा दिवस आयसीयू, तीन आठवडे वॉर्ड, मग घरी. नाकातली नळी, हवेची गादी, दर दोन तासांनी कूस बदलणे, सगळे झाले. आज बाबा चार पायांची काठी घेऊन खोलीतून गॅलरीपर्यंत जातात. उजवी मूठ अजून पुरती उघडत नाही. समजते सगळे, पण शब्द सापडत नाहीत. एकच शब्द खणखणीत येतो: "गाढवा". आयुष्यभर आम्हां भावंडांना लाडाने आणि रागाने तोच ऐकवलाय. आता पाणी हवे तरी गाढवा, दिवा मालव तरी गाढवा.

गेल्या आठवड्यात ते पहिल्यांदा आपणहून खुर्ची ओढून टेबलाशी बसले. त्या रात्री मी आणि भाऊ ज्यांनी ज्यांनी केले त्यांची यादी करायला बसलो. त्रेचाळीस नावांवर थांबलो, कारण भांडण झाले. तो म्हणतो, आपल्या माणसांचे आभार मानले तर त्यांना वाईट वाटेल. मी म्हणते, नाही मानले तर मला झोप लागणार नाही. आई म्हणते, आधी त्यांना नीट चालू दे.

तुमच्यापैकी जे यातून गेलेत त्यांनी काय केले? आणि एक अडचण. काहींच्या मदतीचा खरे तर तापच झाला. त्यांनाही यादीत धरायचे का?

निवांत

आधी बाबांना खूप शुभेच्छा. आणि "गाढवा"ला साष्टांग दंडवत. __/\__

काथ्याकूट_काका

तुमच्या भावाशी शंभर टक्के सहमत.

माझ्या सौभाग्यवतींचे मोठे ऑपरेशन झाले तेव्हा माझा एक मित्र अकरा रात्री दवाखान्यातल्या बाकावर झोपला. मी घरी जाऊन अंघोळ करून, दोन तास पाठ टेकून येऊ शकावे म्हणून. ती घरी आल्यावर मी त्याला अगदी मनापासून "तुझे फार उपकार झाले" म्हणालो. त्याचा चेहरा असा पडला की विचारू नका. पुढचे दोन महिने फोन नाही. शेवटी मीच गेलो, तर म्हणाला, "हिशेब मिटवलास ना? मग आता कशाला आलास?"

तेव्हापासून माझे मत पक्के झाले. परक्याचे आभार मानावेत. आपल्याचे मानले की तो परका होतो.

टाचणी

काका, तुमचा अनुभव खरा असेल, पण त्यातून काढलेला नियम मला मुळीच पटत नाही. कारण "आपल्या माणसाचे कसले आभार" हे वाक्य कुणाच्या वाट्याला येते ते बघा जरा.

सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडले. पाच महिने मी केले. बेडपॅन, औषधांच्या वेळा, रात्री तीनला "पाय दुखतोय गं", सगळे. ज्या दिवशी त्या वॉकरशिवाय चालल्या त्या दिवशी घरात छोटा समारंभच झाला. सर्जनला शाल, फिजिओला भेटवस्तू, भेटायला आलेल्या प्रत्येकाला हात जोडून धन्यवाद. सर्जनबद्दल आदर आहेच, पण ऑपरेशन दीड तासाचे होते. मी स्वयंपाकघरात उभी होते. माझे नाव कुणी घेतले नाही. का? तर मी "आपलीच" ना!

मला शाल नको होती. सासूबाईंनी नुसते बघितले असते तरी चालले असते. आज नऊ वर्षे झाली, अजून विसरले नाही, आणि विसरले नाही याची थोडी लाजही वाटते.

शेवंती, तुमच्या त्रेचाळिसांत आईचे नाव आहे का हो?

काथ्याकूट_काका

टाचणी नाव सार्थ केलेत ताई. उत्तर सुचत नाहीये, सुचले की लिहितो.

तळटीप

अवांतर, पण राहवत नाही.

हे जे एकाच शब्दावर गाडी अडकणे आहे ना, त्याला मोठा इतिहास आहे. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१ मध्ये एका रुग्णाचे वर्णन केले. तो माणूस कितीतरी वर्षे फक्त "तां" एवढेच बोलू शकत असे, बहुधा दोनदा, "तां तां". समोरच्याचे बोलणे बरेचसे कळायचे, खुणांनी उत्तरेही द्यायचा. रुग्णालयात त्याचे नावच "तां" पडले होते. आणि गंमत म्हणजे तो फार चिडला की एक शिवी मात्र स्पष्ट बाहेर पडायची! तो वारल्यावर ब्रोकाने मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा दिसली. वाचेचे केंद्र मेंदूच्या त्या भागात असते हे ज्ञान तिथून पुढे आले. बाबांचा हातही उजवाच गेलाय, म्हणजे इजा डावीकडेच.

शिव्या, अंक, लहानपणी पाठ केलेल्या गोष्टी, गाणी ही जिभेवर बसलेली असतात. विचार करून शब्द शोधून बोलणे हे वेगळे काम. त्यामुळे गाढवाचे अजिबात वाईट वाटून घेऊ नका. तो शाबूत राहिलेला ठेवा आहे.

शेवंती

तळटीप, स्पीच थेरपिस्ट अगदी हेच म्हणाल्या! एकपासून दहापर्यंत अंक बाबा एका दमात म्हणतात. पण पाच बोटे दाखवून "किती?" विचारले की अडकतात. मग मनातल्या मनात एकपासून चढत चढत पाचपर्यंत येतात. जुनी गाणी लावली की शब्दांसकट गुणगुणतात आणि गाणे संपले की पुन्हा गाढवा.

एका दूरच्या नातेवाइकांना मात्र हे पटले नाही. ते भेटायला आले, बाबांनी हात धरून डोळ्यांत पाणी आणून त्यांना "गाढवा" म्हटले. तेव्हापासून ते रुसले आहेत.

टाचणीताई, आईचे नाव यादीत नव्हते. तुमचा प्रतिसाद वाचून रात्री उठून लिहिले. पहिल्या क्रमांकावर लिहिले तर तिला ते दिखाऊ वाटेल, शेवटी लिहिले तर टाचणी टोचेल. सध्या समासात लिहिले आहे.

रिकामटेकडा

समासात =)) =))

हाडवैद्य

मी फिजिओ आहे, पक्षाघाताचे रुग्ण रोज बघतो. "मदतीचा ताप" या मुद्द्यावर चार शब्द. कुणाला दोष द्यायचा नाही, पण माहीत असलेले बरे.

रुग्णाला उठवताना लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नका. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा अक्षरशः खाली उतरतो. पुढे तोच खांदा इतका दुखतो की माणूस व्यायामच नाकारतो. माझ्याकडे आलेल्या अशा खांद्यांपैकी कितीतरी प्रेमळ भाच्या-पुतण्यांनी "चला, उठा बघू!" म्हणत निकामी केलेले आहेत.

दुसरे, गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने घोटभर पाणीसुद्धा नाही. तुमच्या शेजारच्या काकांनी पेला काढून घेतला ते फार मोठे काम केले. गिळता येत नसेल तर घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. "एवढंसं खाल्ल्याने काय होतंय" म्हणणारे भेटीच्या वेळात हमखास येतात. पातळ पदार्थ गिळायला जास्त अवघड, घट्टसर सोपे, हेही लोकांना उलटे वाटते.

तिसरे म्हणजे भेटायला येणे. स्ट्रोकनंतरचा थकवा साध्या दमण्यासारखा नसतो. दहा मिनिटे चौघे एकदम बोलत बसले की रुग्णाचा अख्खा दिवस खर्ची पडतो. मग संध्याकाळी मी जातो तर उभे राहायलाही ताकद नसते. आणि तो रडला म्हणजे तुम्हांला बघून गहिवरलाच असे नाही. हसू-रडू आवरणारी मेंदूतली यंत्रणाच ढिली झालेली असते, टीव्हीवरची जाहिरात बघूनही रडू फुटते. मात्र खरे नैराश्यही येते, साधारण तिघांतल्या एकाला, आणि त्यावर उपचार असतात. "रडणारच ना" म्हणून सोडून देऊ नका.

राहिला प्रश्न आभारांचा. माझ्यापुरते बोलायचे तर रुग्णाने मी नसताना व्यायाम केला की मला पोचतात.

चिमणचारा

हाडवैद्य, प्रिंट काढून दारावर लावण्यासारखा प्रतिसाद.

मला सगळ्यांत डोक्यात जाणारे वाक्य सांगू? "काही लागलं तर नि:संकोच सांगा." नवऱ्याच्या अपघातानंतर हे मी निदान पन्नास जणांकडून ऐकले. अहो, मला काय लागते हे मला कळत असते तर आणखी काय हवे होते! डोके बधिर झालेले, त्यात प्रत्येकाला साजेसे काम शोधून द्यायचे आणि वर संकोच करायचा नाही!

मला खरी मदत झाली ती ऑफिसातल्या एका बाईंची. जेमतेम ओळख. फोन करून म्हणाल्या, "मंगळवार आणि शुक्रवार, चार ते सहा मी तुमच्याकडे आहे. तुम्ही झोपा नाहीतर भटका, मला काही सांगायचं नाही." तीन महिने, न चुकता. एकदाही माझ्या घराची अवस्था बघून काही बोलल्या नाहीत. नवरा झोपलेला असला तर विणत बसायच्या.

त्यांचे आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "माझे एक स्वेटर पूर्ण झाले तुमच्यामुळे."

रिकामटेकडा

इथे एका आरोपीची साक्ष नोंदवून घ्या.

"काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्यांपैकी मी एक. आजवर किती जणांना म्हटले असेल देव जाणे. पण ते दर वेळी खोटे नसते हो. मला दवाखान्याची भीती वाटते. वडील गेले तेव्हापासून त्या वासानेच पोटात कालवते. आयसीयूबाहेर उभा राहिलो की तोंडाला कोरड पडते आणि तेच एक वाक्य बाहेर येते. (तेही जिभेवर बसलेलेच म्हणा ना, तळटीप यांच्या भाषेत.) कुणी मला सांगितले असते की बाबा रे, वर येऊ नकोस, आमच्या घरच्या झाडांना पाणी घाल, तर मी वर्षभर घातले असते.

थोडक्यात, तुम्ही आमच्यावर चिडा, पण काम सांगा.

चिमणचारा

हा विचार मी केलाच नव्हता. पन्नासांतले दहा तरी तुमच्यासारखे असणार. आता वाईट वाटायला लागले.

बिनपाण्याने

प्रश्न: व्हॉट्सॲपवरून सतरा रामबाण उपाय पाठवणारे यादीत धरायचे की नाही? आमच्याकडे एकाने तर उपाय पाठवून, दुसऱ्या दिवशी फरक विचारायला फोन केला.

निवांत

धरा की. पण सतरापैकी एकही केला नाही, म्हणून रुग्ण वाचला, असे कळवा.

रात्रपाळी

बारा वर्षे आयसीयूत नर्स आहे. आज सुट्टी, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्हांला काय आवडते हे लोक बऱ्याचदा विचारतात. पैसे नकोत, बहुतेक ठिकाणी घेताही येत नाहीत. आवडते ते पत्र. दोन ओळींचे का असेना, पण त्यात नाव असावे आणि ते आमच्या मेट्रनकडे किंवा रुग्णालयाच्या प्रमुखांकडे द्यावे. "सर्व कर्मचाऱ्यांचे आभार" असे मोघम नको. "अमुक सिस्टरनी त्या रात्री माझ्या आईला दर अर्ध्या तासाने आत काय चाललंय ते बाहेर येऊन सांगितलं", असे. तक्रार लिहिताना लोक नाव, तारीख, वेळ सगळे बिनचूक लिहितात. कौतुक करताना मात्र आम्ही सगळे "स्टाफ" होतो.

आणि कृपा करून चादरी बदलणाऱ्या, लादी पुसणाऱ्या, स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसांना विसरू नका. जंतुसंसर्ग झाला नाही यात लादी पुसणाऱ्या मावशींचा वाटा आमच्याइतकाच असतो.

एक आठवण. एक गृहस्थ व्हेंटिलेटरवरून निघाल्यावर तीन रात्री भ्रमात होते. आयसीयूत हे पुष्कळ जणांना होते. झोप मोडलेली, औषधे, दिवस-रात्रीचा पत्ता नाही. त्यांना वाटायचे मी त्यांना विष घालतेय. मला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. चार महिन्यांनी ते स्वतःच्या पायांनी आले. आठवत काहीच नव्हते, पण बायकोने सांगितले होते. माफी मागायला आलेले. मी म्हटले, माफी राहू दे, या, तुमची कॉट दाखवते. कॉट, खिडकी, तो बीप-बीप करणारा मॉनिटर बघून म्हणाले, "मला वाटायचं मी जहाजावर आहे." एकदम हलके झाले ते. आभार वगैरे म्हणालेच नाहीत, आणि मला ती भेट अजून पुरते आहे.

स्कॅन्डिनेव्हियातल्या देशांत नर्स आणि घरचे मिळून आयसीयूतल्या रुग्णासाठी रोजनिशी लिहायची पद्धत सुरू झाली, आता इतरत्रही आहे. आज काय झाले, कोण आले, कुठली नळी निघाली. माणसाला हरवलेले दिवस परत मिळतात. शेवंती, तुमच्याकडे त्या दिवसांची कुणी काही टिपणे ठेवली असतील तर बाबांना वाचून दाखवा. यादीपेक्षा त्याचा उपयोग होईल.

मुक्काम_पोस्ट

सगळे ओळखीच्या माणसांबद्दल लिहिताहेत. ज्यांना आपण बघितलेच नाही त्यांचे काय?

माझ्या बहिणीला रक्ताचा कर्करोग झाला होता. केमोच्या काळात प्लेटलेट इतक्या खाली जायच्या की दर दोन-तीन दिवसांनी पिशवी लागायची. प्लेटलेट साठवून ठेवता येत नाहीत, साधारण पाच दिवस टिकतात. म्हणजे तिला चढलेली प्रत्येक पिशवी त्याच आठवड्यात कुणीतरी, तासभर किंवा जास्तच, सुई टोचून घेऊन दिलेली. आम्ही घरचे आणि मित्र मिळून नऊ पिशव्या जमवल्या. बाकीच्या बावीस कुणाच्या ते आजही ठाऊक नाही. माझ्या बहिणीच्या अंगात बावीस अनोळखी माणसे आहेत असे आमची आई म्हणते.

ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन नावाचे गृहस्थ होते. चौदाव्या वर्षी छातीचे मोठे ऑपरेशन झाले, अनोळखी लोकांचे पुष्कळ रक्त चढवावे लागले. बरे होताना पोराने ठरवले की वय झाले की आपणही द्यायचे. १९५४ पासून २०१८ पर्यंत १,१७३ वेळा दिले. वयाची ८१ वर्षे झाली म्हणून तिथल्या नियमाप्रमाणे थांबवले, नाहीतर आणखी दिले असते. त्यांच्या रक्तद्रवात एक दुर्मिळ प्रतिपिंड होते, त्यापासून आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या गरोदर स्त्रियांना, त्यांच्या शरीराने बाळाच्या रक्तावर हल्ला करू नये म्हणून, द्यायचे इंजेक्शन बनते. चोवीस लाखांवर बाळांना त्याचा फायदा झाला असा तिथल्या रेड क्रॉसचा अंदाज. आणि या माणसाला सुईची भीती! टोचताना एकदाही बघितले नाही म्हणे. २०२५ मध्ये वारले.

मी एवढा मोठा नाही. वर्षातून काही वेळा प्लेटलेट देऊन येतो, सुईकडे बघत नाही. अजून बावीस झाल्या नाहीत.

टाचणी

मुक्काम_पोस्ट, प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. बहीण कशी आहे?

मुक्काम_पोस्ट

ठणठणीत. काल माझ्याशी कपाटाच्या किल्लीवरून भांडली.

खडूस_आजोबा

तुम्हां सगळ्यांचे वाचले. आता खाटेवरच्या माणसाचे ऐका.

चार वर्षांपूर्वी माझी डावी बाजू गेली होती. आता बरीचशी परत आली आहे. त्या काळात मला सगळ्यांत जड काय गेले असेल तर दिवसातून वीस वेळा कृतज्ञ असणे. पाणी दिले, धन्यवाद. पाय उचलून ठेवला, धन्यवाद. ज्या मुलाला मी सायकल शिकवली त्याने मला पुसले, आणि मी भिंतीकडे बघत धन्यवाद म्हणालो. ज्यांच्यावर पूर्ण अवलंबून आहात त्यांच्यावर रागावताही येत नाही. कुणी उशीर केला तरी गप्प. पाहुणे सुनेचे कौतुक करायचे, तेव्हा मी हसऱ्या चेहऱ्याने मान डोलवायची. माझ्या आजाराचा मीच प्रेक्षक!

माझ्या बायकोने हे ओळखले. एक दिवस भाजी निवडायला... छे, ते राहू दे, लांबण लागेल. सांगायचे एवढेच की तिने मला एका हाताने होणारे एक काम नेमून दिले आणि ते नीट झाले नाही म्हणून माझ्यावर डाफरली. त्या दिवशी मला बरे वाटायला लागले.

शेवंतीबाई, यादी तुमची, भांडण तुमचे आणि भावाचे, त्रेचाळीस नावे तुम्हीच मोजलीत. बाबांना विचारलेत का?

काथ्याकूट_काका

आजोबा, हा धागा तुम्ही एका वाक्यात उलटा केलात.

बिनपाण्याने

आजोबांनी खडूस हे नाव बदलावे असा ठराव मांडतो.

खडूस_आजोबा

फेटाळला.

शेवंती

तीन दिवस इथे आले नाही. विचारले नव्हते हो आजोबा. सुचलेच नाही. कबूल करायला लाज वाटते, पण त्यांना बोलता येत नाही म्हणजे त्यांचे मत आम्ही सांगायचे, हे कधी ठरून गेले ते कळलेच नाही.

रविवारी सकाळी, ते ताजेतवाने असताना, बसलो. थेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे टीव्ही बंद, एकाच माणसाने बोलायचे, एका वेळी एकच नाव, उत्तर हो किंवा नाही. मी एकेक नाव वाचले, शक्य तिथे फोटो दाखवला. दहा नावांनंतर विश्रांती. तीन बैठका लागल्या.

सहा नावांना त्यांनी ठाम नकार दिला. त्यात त्यांचे सख्खे धाकटे भाऊही आहेत. का, ते विचारायची सोय नाही.

शेजारच्या काकांच्या नावाला मानेऐवजी हातच वर केला, डावा, पूर्ण. चिमणचारा, तुमच्या त्या विणणाऱ्या बाईंसारखी आमच्याकडेही एक आहे, तिला दोनदा हो.

आईचे नाव मी मधेच, बाविसावे वाचले. हसले, मग रडायला लागले. हाडवैद्य सांगतात तसले ते रडू होते की खरे, मला कळले नाही. आई म्हणाली, "पुढचं नाव घे."

यादी संपली तरी बाबा टेबलावरून उठेनात. "गाढवा, गाढवा" करत डाव्या हाताने उजवा गाल चोळत राहिले. आम्हांला वाटले दाढ दुखतेय. भावाने टॉर्च लावून तोंड तपासले. बाबा भडकले. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी आईच्या डोक्यात प्रकाश पडला.

"दाढी!"

वॉर्डात नवव्या दिवशी एका वॉर्डबॉयने त्यांची दाढी केली होती. आम्ही कुणी सांगितले नव्हते, आमच्या ध्यानातही नव्हते. डावा गाल झाला आणि त्याला दुसरीकडे स्ट्रेचरला बोलावले. अर्धी दाढी तशीच. बाबांना वाटले असणार, गेला हा. त्याची ड्यूटी संपल्यावर, घरचे कपडे घालून तो परत आला आणि उजवा गाल पुरा केला. मग खिशातून छोटा आरसा काढून समोर धरला. वाकडे झालेले तोंड बाबांनी तेव्हा पहिल्यांदा बघितले. त्याने आरसा लगेच काढून घेतला नाही, त्यांना हवा तेवढा वेळ धरून उभा राहिला. आई तिथे होती, म्हणून एवढे तरी आम्हांला कळले.

त्याचे नाव कुणालाच माहीत नाही. त्रेचाळिसांत तो नव्हताच.

रात्रपाळी

शेवंती, तारीख पक्की माहीत आहे ना? मग नाव मिळेल. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना भेटा. त्या दिवशीच्या ड्यूटीच्या नोंदी असतात, आणि बाहेरच्या कंत्राटावरचा माणूस असला तरी हजेरी असतेच. फोनवर नाही सांगणार, प्रत्यक्ष जा, कारण सांगा. असे कारण घेऊन कुणी येत नाही, त्यामुळे शोधून देतील.

काथ्याकूट_काका

सुचले की लिहितो म्हणालो होतो. टाचणीताई, माझ्या त्या मित्राच्या गोष्टीत एक गोष्ट मी सांगितली नाही. त्या अकरा रात्री माझी मुलगी दिवसभर आईजवळ बसून होती, बारावीचे वर्ष असताना. काल तिला फोन केला. म्हणालो, तेव्हा तू केलंस ते लक्षात आहे माझ्या. ती म्हणाली, "बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

टाचणी

=)) काका, एवढ्यावर थांबू नका, पुन्हा करा फोन. सवय झाली की घाबरणार नाही ती.

तळटीप

शेवंती, बाबांना स्वतःला आभार कळवता येतील असे काही करता येईल का? डाव्या हाताने लिहिणे वगैरे?

शेवंती

तेच सांगायला आले. थेरपिस्टना हे सगळे सांगितले, तर त्यांनी त्याचाच व्यायाम करून टाकला. रोज एक कार्ड. वर मी नाव फिकट पेन्सिलीने लिहून द्यायचे, बाबांनी डाव्या हाताने गिरवायचे, खाली स्वतःची सही. काल पहिले कार्ड झाले, शेजारच्या काकांचे. चाळीस मिनिटे लागली. सहीतले एक अक्षर उलटे आले, दुरुस्त करू दिले नाही. खाली जागा उरली होती तिथे त्यांनी एक चित्र काढले. चार पाय, दोन लांब कान. काकांनी ते दारावर लावले आहे.

रोज एक म्हटले तर महिन्याहून जास्त पुरेल. दर रविवारी सुट्टी हवी असे बोटाने कॅलेंडर दाखवून सांगितले आहे.

आणि रात्रपाळी, तुमचे ऐकून भाऊ गेला होता. (हो, तोच, ज्याला आभार नको होते.) नाव मिळाले. तो आता दुसऱ्या वॉर्डात असतो. गुरुवारी बाबांची तपासणी आहे, तेव्हा भेट होईल.

सोमवारपासून बाबा दाढी करू देत नाहीयेत.